वळचणीचा पत्ता

(दृश्य: ब्रिटनमधल्या एका गल्लीतली जुनी विटांची घरं. जूनची संध्याकाळ.)

साडेनऊ वाजून गेलेत, तरी उजेड आहे. फूटपाथवर घडीची खुर्ची टाकून एक बाई समोरच्या घराच्या वळचणीकडे बघत बसल्या आहेत. मांडीवर वही. अर्ध्या तासात वहीत एक ओळही उतरलेली नाही.

(आवाज: जवळ येत जाणारा तीक्ष्ण चिरका कल्ला.)

आल्या! सात-आठ पाकोळ्या, छपराला लागून, कोयत्यासारखे पंख वळवत. त्यातली एक तशीच भिंतीकडे झेपावली आणि गायब. कौलाखाली जेमतेम दोन बोटांची फट आहे, त्यात ती शिरली. बाईंनी लिहिलं: वेळ, घराचा नंबर, डावीकडून तिसरं कौल.

पाकोळी म्हणजे कॉमन स्विफ्ट हा पक्षी. वजन साधारण 40 ग्रॅम. खाणं, पिणं, झोप, सगळं उडता उडता. काही पाकोळ्या सलग 10 महिने कुठेही टेकत नाहीत, हे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. टेकतात त्या पिल्लांसाठी. मे महिन्यात आफ्रिकेतून यायचं, ऑगस्ट उजाडतो न उजाडतो तोच परत निघायचं. आणि दरवर्षी बहुधा तीच फट गाठायची.

गोची आहे ती या फटीचीच. भिंगरीचं चिखलाचं घरटं रस्त्यावरून दिसतं, खाली विष्ठेचे डागही पडतात. पाकोळी मागमूस ठेवत नाही. आपल्या डोक्यावर बिऱ्हाड आहे हे घरमालकालाही ठाऊक नसतं. मग छप्पर दुरुस्तीला निघतं, परांची बांधली जाते, फट लिंपली जाते. वापरात असलेलं घरटं मोडणं हा 1981 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पण काम जानेवारीत केलं, तर तेव्हा घरटं रिकामं आणि पाकोळी आफ्रिकेच्या आभाळात. गुन्हा कुणाचाच नाही. मेमध्ये ती परतते आणि लिंपलेल्या भिंतीवर पुन्हा पुन्हा धडकते.

1995 ते 2018 या काळात ब्रिटनमधल्या पाकोळ्या निम्म्याहून जास्त घटल्या. डिसेंबर 2021 मध्ये त्यांचं नाव तिथल्या सर्वांत चिंताजनक स्थितीतल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. कीटक कमी झाले, हेही एक कारण सांगितलं जातं. त्यावर गल्लीतल्या माणसाचा फारसा इलाज चालत नाही. फटीवर चालतो.

म्हणून ही वही. आरएसपीबी या पक्षीसंस्थेच्या ‘स्विफ्ट मॅपर’ या ऑनलाइन नकाशावर कुणीही नोंद टाकू शकतं, आणि बांधकामाच्या परवानग्या बघणाऱ्यांना तो नकाशा पाहता येतो. मात्र उंच आभाळात पन्नास पाकोळ्या दिसल्या, तर त्या नोंदीचा इथे उपयोग नाही. चरायला त्या कुठून कुठे जातात. छपराच्या उंचीवरून ओरडत गेल्या, तरच घरटं जवळपास आहे असं समजायचं.

(दृश्य: भिंतीत बसवलेली पोकळ वीट. तोंडाशी लंबगोल भोक.)

ही पाकोळीची वीट. भोक 65 मिलिमीटर रुंद, 28 मिलिमीटर उंच. नव्या घरांत ती सक्तीची करा, अशी याचिका लेखिका हॅना बोर्न-टेलर यांनी केली. एक लाखावर सह्या जमल्या आणि जुलै 2023 मध्ये संसदेत चर्चा झाली. नुसती वीट बसवून मात्र भागत नाही. जुन्या जोड्या आपली फट सोडत नाहीत. पटवायचं असतं ते घर शोधत फिरणाऱ्या तरुण पाकोळ्यांना. त्यासाठी विटेजवळ स्पीकर लावून त्यांच्याच हाका वाजवतात. शेजाऱ्यांची सहनशक्ती हा या कामातला न मोजलेला घटक!

(दृश्य: पुन्हा गल्ली. उजेड विझत आलेला.)

स्पीकर सुरू आहे. एक पाकोळी विटेशी येते, पंखानं भिंतीला थाप मारून निघून जाते. पुन्हा येते. क्षणभर भोकाला लटकते. जाते.

बाई घड्याळ बघून लिहितात: 9.52. नवी वीट. शिरली नाही.