पडदे नसलेली बास आणि गाण्याची साथ

गिटारच्या दांडीवर सतारीसारखेच धातूचे पडदे बसवलेले असतात. बोट पडद्यामागे थोडे इकडे-तिकडे पडले तरी सूर ढळत नाही, कारण तारेची लांबी पडदा ठरवतो. बास गिटारवरचे, म्हणजे खर्जातल्या जाड तारांच्या गिटारवरचे, हे पडदे काढून टाकले की सुराची सारी जबाबदारी वादकाच्या बोटावर आणि कानावर येते. प्रचलित बासची तार घोडीपासून दुसऱ्या टोकापर्यंत 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटीमीटर असते. खुंट्यांच्या बाजूला पहिला अर्धस्वर सुमारे 48 मिलिमीटरवर मिळतो, तर तारेच्या मध्यावर, जिथे वरचे सप्तक सुरू होते, तेच अंतर 24 मिलिमीटरवर येते. हात जसजसा वर सरकतो तसतसा बोटाला चुकायला वाव राहत नाही.

आता डाव्या हाताकडे जवळून पाहू या. पडदा असता तर ज्या रेषेवर असता, बरोबर त्या रेषेवर बोटाचे टोक टेकलेले आहे. तार धातूवर न टेकता बोटाच्या मांसल भागाखाली लाकडावर दाबली गेल्यामुळे आघात मऊ होतो, आणि थरथरणारी तार लाकडाला हलकेच घासत राहिल्याने स्वर छेडल्यानंतर क्षणभराने उमलल्यासारखा मोठा होतो. बोट तारेच्या दिशेने किंचित मागे-पुढे डोलवले की स्वरात आंदोलन येते, आणि न उचलता सरकवले की मींड. बासच्या खर्जात माणसाच्या गळ्याचा हा जो गुण येतो, त्याच्यासाठीच वादक एवढा धोका पत्करतात.

पुढे 'रोलिंग स्टोन्स' या बँडचे बासवादक झालेले बिल वायमन यांनी 1961 मध्ये आपल्या स्वस्तातल्या बासचे पडदे काढून टाकले होते, 1966 मध्ये अँपेग कंपनीने कारखान्यात बनलेली बिनपडद्याची बास बाजारात आणली आणि 1970 मध्ये फेंडरही त्या वाटेने गेली. तरीही या वाद्याला स्वतःचा आवाज मिळाला तो फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल येथे वाढलेल्या जॅको पास्टोरियस यांच्या हातात. त्यांच्या 1962 च्या फेंडर जॅझ बासवर पडदे नव्हते. त्यांच्या जागी राहिलेल्या खाचा लाकडाच्या भेगा बुजवण्याच्या लगद्याने भरल्या होत्या आणि दांडीच्या पृष्ठभागावर बोटींसाठी वापरतात तसल्या इपॉक्सीचे टणक आवरण चढवले होते. त्या आवरणामुळे खरखरीत पोलादी तारांनी लाकूड झिजत नसे आणि स्वर लख्ख, दीर्घ लागत असे. घोडीजवळ तार छेडण्याच्या त्यांच्या सवयीमुळे बासचा आवाज खर्जातून वर येऊन गायकाच्या शेजारी उभा राहू लागला. साथीच्या दृष्टीने खरा प्रश्न इथेच उभा राहतो, कारण इतके स्पष्ट ऐकू येणारे वाद्य गाण्याला जसे उचलू शकते, तसेच झाकूनही टाकू शकते.

गायिका आणि गीतकार जोनी मिचेल यांचा 'हेजिरा' हा ध्वनिसंग्रह नोव्हेंबर 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकटीने मोटार चालवत केलेल्या प्रवासातून यातली बरीच गाणी आली. मिचेल गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने न जुळवता स्वतःच्या निरनिराळ्या पद्धतींनी जुळवत, त्यामुळे त्यांच्या स्वरमेळांना, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांच्या समूहांना, एकच ठाम आधारस्वर असा नसे. अशा स्वरमेळाखाली एखाद्या बासवादकाने सवयीने मूळ स्वराचा खुंटा ठोकला की त्यातला मोकळेपणा जातो, आणि पूर्वीच्या बासवादकांविषयी मिचेल यांचे असमाधान नेमके याच जागी होते.

पास्टोरियस यांनी आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांवर आपला भाग नंतर वाजवला. म्हणजे शब्द, चाल आणि गिटार त्यांच्या कानांसमोर होते, आणि त्या गाण्यात आपण कोठे असावे एवढेच त्यांना ठरवायचे होते. 'कोयोटी' या गाण्यात मिचेल बोलल्यासारख्या भराभर ओळी गातात. ढोल-झांजांचा नेहमीचा संच त्यात नाही, हातांनी वाजवलेली तालवाद्ये तेवढी आहेत. बास एरवी जिथे ठोके मोजत बसली असती, तिथे ती तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या उंच स्वरांनी दोन ओळींमधली जागा उजळते आणि लांब मींडेने पुढच्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबते. संग्रहाच्या शीर्षकगीतात तर बासचे एकाहून अधिक थर एकमेकांवर चढवलेले आहेत. एवढे वाजवूनही ते गाणे गायिकेचेच राहते, कारण बासचे प्रत्येक वाक्य तिच्या श्वासाशी बांधलेले आहे.

गायकाच्या मागे दबून राहणे म्हणजे साथ, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. ख्यालगायनाला सारंगीची साथ ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको. गायकाने सोडलेली जागा भरताना सारंगिया त्याच्याच वाक्याचा शेवट उचलतो, आणि गायकाने पुन्हा तोंड उघडले की त्याच्या आड येत नाही. तिथे स्वरांची संख्या कोणी मोजत नाही. ऐकणे किती सावध आहे याची पारख होते. पास्टोरियस यांच्या पुढच्या कित्येक अनुकरणकर्त्यांनी त्यांचा वेग उचलला आणि हे ऐकणे मागे ठेवले, याचे मला मनापासून वाईट वाटते. 'हेजिरा'तल्या नऊ गाण्यांपैकी पास्टोरियस केवळ चार गाण्यांत आहेत, आणि 'अमेलिया' या गाण्यात तर बासच नाही. त्या संग्रहात बासने काय केले हे समजून घ्यायचे, तर तिला कोठे घेतले नाही हेही ऐकावे लागते.

साथीत सुराचा प्रश्नही वेगळ्या प्रकारे येतो. एकल वादनात बासचा सूर उतरला तर श्रोता वादकाला दोष देतो. गाण्याच्या साथीत मात्र बास हाच पाया असल्याने ती किंचित उतरली की सुरात गाणारा गायकच चढल्यासारखा वाटतो. म्हणून बिनपडद्याची बास वाजवणारे अखंड वाजणाऱ्या एका आधारस्वराशी एकेक स्वर मिळवून पाहण्याचा रियाज करतात, आणि त्यासाठी तंबोरा उत्तम सोबत करतो. मींडेचेही तसेच आहे. प्रत्येक स्वरावर घसरत जाणारी बास दोन मिनिटांत कंटाळवाणी होते, शिवाय घसरण्याआड कच्चा सूर लपवण्याची सवय लागते. स्वर थेट नेमक्या जागी लावता येत असेल, तरच मींड घेण्याला अर्थ आहे.

वेल्समधल्या कार्डिफचे बासवादक पिनो पॅलाडिनो यांचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. अमेरिकन गायक मार्विन गे यांनी 1962 मध्ये गायलेले 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट' हे गाणे ब्रिटिश गायक पॉल यंग यांनी 1983 मध्ये नव्याने गायले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारी सुरुवातीची सुरावट पॅलाडिनो यांच्या म्युझिकमॅन कंपनीच्या बिनपडद्याच्या बासवरची आहे. मूळ स्वराखाली एक सप्तक उतरून दुसरा स्वर जोडणारे पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचे विद्युत उपकरण, ते त्या काळात वापरत असत, त्यामुळे हात वरच्या भागात गात असतानाही खालचा आधार सुटत नसे.

या गाण्यानंतर पॅलाडिनो यांना तोच आवाज आपल्याही गाण्यात हवा म्हणून बोलावणी येऊ लागली, आणि 1980 च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तो ऐकू येतो. आयुष्यभर त्यावर काम मिळाले असते. तरीही अमेरिकन गायक डिअँजेलो यांच्या 2000 सालच्या 'वूडू' या संग्रहात ते पडदे असलेली फेंडरची साधी 'प्रिसिजन' बास घेऊन बसले. तिथे ढोलाच्या ठोक्यापेक्षा केसभर उशिरा पडणारा, गोल आणि आखूड स्वर हवा होता. मींडेला जागाच नव्हती. ज्यांनी त्यांना आधी केवळ पॉल यंग यांच्या गाण्यात ऐकले होते, अशा श्रोत्यांना हा तोच वादक आहे हे नाव वाचल्याशिवाय ओळखता येणे कठीण होते.