ऑफर लेटरमध्ये नसलेला मंगळवार

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत.

विषय घरोघरचाच आहे. मोठ्या शहरातून ऑफर येते, पगार जास्त, पद वरचं, आणि इकडे घर, आईवडील, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी. मग आपण काय करतो, कागद घेतो, मधोमध रेघ मारतो, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. आता ही रेघ कुठून आली माहितीये का? बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टलीला लिहिलेल्या पत्रात ही पद्धत सांगितलीय, आणि गंमत म्हणजे प्रीस्टलीचा प्रश्न नोकरीच्या ऑफरचाच होता! तो इंग्लंडमधल्या लीड्समध्ये धर्मोपदेशक, घरी बायको आणि तीन लहान मुलं, आणि लॉर्ड शेलबर्ननं त्याला आपल्याकडे ग्रंथपाल म्हणून बोलावलेलं. पैसे कितीतरी जास्त. फ्रँकलिन म्हणाला, काय ठरवायचं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवायचं ते सांगतो. तीन-चार दिवस जसं सुचेल तसं दोन्ही रकान्यांत लिहीत जा, मग ज्यांचं वजन सारखं वाटेल ते मुद्दे समोरासमोर खोडत जा, उरेल त्यावर ठरव.

प्रीस्टलीनं नोकरी घेतली. १७७३ मध्ये घरदार हलवलं, आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १७७४ ला, त्याच शेलबर्नच्या वाड्यात त्यानं तो वायू वेगळा काढला ज्याला आपण आज ऑक्सिजन म्हणतो. म्हणजे करिअरच्या हिशोबानं एक नंबर निर्णय. पण हिवाळ्यात त्याला लॉर्डसाहेबांबरोबर लंडनला राहावं लागायचं आणि बायको-मुलं तिकडे गावात. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच येतं, की कागद प्रीस्टलीचा, सल्ला फ्रँकलिनचा, मग मेरी प्रीस्टलीचा कागद कुठंय?

अर्थशास्त्रात जेकब मिन्सरनं १९७८ मध्ये कुटुंबाच्या स्थलांतरावर लिहिताना हाच मुद्दा मांडला. अख्ख्या घराचा मिळून फायदा होत असेल तरी घरातल्या एकाचं स्वतःपुरतं नुकसान होऊ शकतं, आणि ते माणूस दुसऱ्यासोबत बांधल्यासारखं हलतं. उलटंही होतं, एखाद्याला जायचं असतं पण तो घरच्यांसाठी थांबतो. दोन्हीकडे कुणीतरी गप्प बसलेलं असतं, आणि ती गप्प बसलेली गोष्ट पाच वर्षांनी कुठल्यातरी भलत्याच भांडणात बाहेर येते.

आता आकडे घेऊ, कारण पगार ऐकला की माणूस गणित विसरतो, मीही विसरलो होतो. समजा पगार ३० टक्के वाढला. आज तुम्ही घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत साडेनऊ तास जातात, तिथे बारा जाणार. तास वाढले साधारण २६ टक्के. म्हणजे तासाचा भाव वाढला जेमतेम ३ टक्के, आणि अजून घरभाडं धरलंच नाहीये! तो अडीच तासांचा फरक वर्षाला २४० दिवस धरला तर ६०० तास होतात, आठ तासांचा एक दिवस म्हणाल तर ७५ दिवस. अडीच महिने तुम्ही वर्षभरात फक्त येण्याजाण्याला जास्तीचे देताय, आणि ऑफर लेटरमध्ये या अडीच महिन्यांची ओळ कुठेच नसते.

बरं, प्रवासाची सवय होते असं सगळे म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब लिहून घेतला होता, काय करत होता आणि कसं वाटत होतं. त्यात सकाळचा कामाला जायचा प्रवास तळाला. म्हणजे सवय होते ती चिडचिडीची.

म्हणून मी रकाने भरायला नंतर सांगतो, आधी एक मंगळवार लिहा. रविवार नको, रविवारी कुठलंही शहर छानच दिसतं. साधा, काहीच विशेष नसलेला मंगळवार, पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत. किती वाजता निघणार, किती वाजता पोचणार, मूल साडेआठला झोपत असेल आणि तुम्ही पावणेनऊला दारात असाल तर तेही लिहा. आईला दवाखान्यात कोण नेणार तिथं नाव लिहा, "बघू" नाही. आणि एचआर तोंडी म्हणाला ना की आठवड्यात दोन दिवस घरून काम चालेल, ते लेटरमध्ये घालून घ्या, मॅनेजर बदलला की तोंडी गोष्टी त्याच्याबरोबर जातात.

आता कुणी म्हणेल, सर तुम्ही जाऊच नका म्हणताय. अजिबात नाही. जिथे आहात तिथे कामच वाढत नसेल, डोक्यावर कर्ज असेल, तर जायलाच हवं, आणि घरी बसून रोज कुढणारा बाप काही फार उपयोगाचा नसतो.

मी गेलो होतो. दोन वर्षं. घरचे इथेच, मी महिन्यातून दोनदा यायचो. पैसे आले, खोटं कशाला बोलू, त्या पैशांनी बरीच कामं झाली. पण एकदा शनिवारी मुलीच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा कापायला बसलो आणि तिला विचारलं, कात्री कुठे असते गं? ती उठली, कात्री आणून दिली, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "अजून काही हवंय का बाबा?" पाहुण्यांना विचारतात तसं.

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, तू तुझा कागद लिही, मी बघणार नाही, मग एकत्र उघडू. मला वाटलं होतं पहिला मुद्दा मुलीचा असेल किंवा एकटेपणाचा. तिनं सगळ्यात वर लिहिलं होतं, "माझं प्रमोशन मी नाकारलं, ते तुला सांगितलं नाही." माझ्या कागदावर तिच्या नोकरीचा रकानाच नव्हता.