‘भाऊ, नडगी दुखते, तरी पळू का?’

काय भो, कसं काय! पोलीस भरतीचं वारं सुटलं की कमेंटमध्ये हा एकच प्रश्न. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितो, ‘दुखल्याशिवाय वर्दी मिळत नाही.’ आणि त्याला लाइकचा पाऊस!

बेसिक पटकन. ताण दिला की शरीर थोडं झिजतं. झोपेत, विश्रांतीत ते भरून निघतं आणि आधीपेक्षा घट्ट होतं. दम लवकर वाढतो, हाडाला मात्र बरेच आठवडे लागतात. झालं, पुढे चला.

आता बोट. हो, बोट! दोन्ही मांड्या-पोटऱ्या ठणकतायत, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोंब होतेय, तर ते कष्टाचं दुखणं. हलकं चाला, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण नडगीच्या हाडावर एकाच बोटाएवढी जागा दाबली आणि ‘आई गं’ निघालं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं बंद, हाडाच्या डॉक्टरकडे जा.

जळगावच्या मेहरूण तलावावर चोपड्याकडचा एक पोरगा लंगडत पळत होता. विचारलं, कुठे दुखतं? त्यानं अख्ख्या नडगीवरून तळहात फिरवला. म्हटलं, हात नको रे, बोट ठेव. बोट टेकायच्या आधीच त्यानं पाय मागे घेतला. एक्स-रे काढला, साफ! रूमवरचे म्हणाले, नाटक करतो. अरे, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. पुढच्या एक्स-रेत दिसली.

आणि बोट ठेवूनही कळत नसेल, तर पळताना बघा. अंग गरम झाल्यावर दुखणं पळतं, की प्रत्येक फेरीला वाढतं? रात्री पडल्यावरही त्याच जागी ठणकतं? वाढत असेल, ठणकत असेल, तर भरतीच्या १६०० मीटर धावेचं टायमिंग गेलं उडत.

एक दादा लिहितात, ‘आपला शेतकरी ४५ डिग्रीत राबतो, त्याला काही होतं का?’ दादा, होतं. आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन बघा की! आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, माणूस उजाडायच्या आत कामाला लागतो, डोक्याला उपरणं, आणि दुपारी निंबाखाली आडवा. मर्यादा त्याला कळते, रील टाकणाऱ्याला नाही. उन्हाची सवय व्हायलाही शरीराला एक-दोन आठवडे लागतात. पुण्याहून सुटीला आलात आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ग्राउंडवर, असं चालत नाही.

सोबतचा पळताना बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर ‘घाम येतोय ना, मग ऊन नाही लागलं’ म्हणू नका. घाम येत असतानाही उष्माघात होतो. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

बुटांचं पुढच्या व्हिडिओत. आता कमेंटमध्ये ‘दुखतंय’ लिहिलंत तर आधी सांगा, बोट कुठे ठेवलंत?