वर्तुळ जिथे मिळतं तिथे

राऊटर, म्हणजे लाकूड कोरणारं विजेचं हत्यार, गोल कापायला फळीवर फिरतोय. त्याचं बिट, म्हणजे फिरणारं पातं, निघालं होतं तिथेच परत येतंय. आता त्या सांध्यावर बोट फिरवून बघा. नखाला लागेल एवढी पायरी राहिली आहे. फेरा पूर्ण झाला, पण दोन टोकं नेमकी मिळाली नाहीत.

अशा वेळी कारागीर स्वतःच्या हाताला दोष देतो. खरं तर बऱ्याचदा जिगची, म्हणजे राऊटरला मधल्या पिनेभोवती गोल फिरवणाऱ्या पट्टीची, ती पिनच भोकात सैल असते. राऊटर फिरवताना आपला हात कधी ढकलतो, कधी ओढतो आणि पिन भोकाच्या कधी या, कधी त्या बाजूला टेकते. त्रिज्येत पाव मिलिमीटरचा फरक पडला, की व्यासात अर्धा मिलिमीटर जातो. टेबलाच्या गोल पाटाला तेवढं खपून जातं. पण एका लाकडात दुसऱ्या लाकडाची चकती जडवायची असेल, तर तीच फट आयुष्यभर दिसत राहते.

म्हणून जिग निवडताना पट्टीवरच्या बारीक रेघांना भुलू नका. आधी पिन भोकात घाला आणि हलवून बघा. ती बोटाने दाबून बसायला हवी, अडखळत नाही अशी फिरायला हवी, आणि आडवी मुळीच हलता कामा नये.

ठरावीक भोकांच्या जिगमध्ये सरकणारं काहीच नसतं. आज कापलेलं माप उद्याही तेच येतं. एकाच मापाचं काम पुन्हा पुन्हा असेल, तर मी हीच घेईन. अडचण एवढीच, की दोन भोकांच्या मधलं माप मिळत नाही.

सरकत्या पट्टीवर कुठलंही माप लावता येतं. पण हे बघा, माप लावलं, नॉब आवळला आणि आवळता आवळता पट्टी केसभर सरकली. जडावाच्या कामाला म्हणूनच बारीक फिरवायचा स्क्रू असलेली जिग हवी. त्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर असेल, तर पूर्ण फेऱ्याला व्यास 2 मिलिमीटरने बदलतो, पाव फेऱ्याला अर्ध्याने. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

बिटकडेही लक्ष हवं. पाव इंची बिट 6.35 मिलिमीटरचं असतं. जिगची मापं त्यासाठी आखलेली असतील आणि तुम्ही 6 मिलिमीटरचं बिट लावलं, तर चकती 0.35 मिलिमीटरने मोठी येते आणि भोक तेवढंच लहान.

नवी जिग आली, की आधी टाकाऊ प्लायवर एक चकती कापा. बिट एकदम खोल घालू नका, थोडं थोडं उतरवत फेरे घ्या. चकतीखाली दुहेरी चिकटपट्टी लावा, नाहीतर शेवटच्या फेऱ्यात ती सुटून बिटवर आपटते. मग व्हर्नियर कॅलिपरने व्यास तीन-चार दिशांनी मोजा. सगळीकडे सारखाच, पण हव्या मापापेक्षा वेगळा आला, तर फक्त पट्टी किंवा बिटचा हिशोब चुकलाय. तेवढा फरक धरून पुढे बिनधास्त काम करा. प्रत्येक दिशेला वेगळा आकडा आला, तर आधी राऊटर जिगवर घट्ट बसलाय का ते तपासा. तो पक्का असेल, तर पिनच सैल आहे. ती बदलून मिळत नसेल, तर जिग परत करा.