थोटूक नसलेली सिगारेट

मंडळी, नमस्कार.

ही मुलं आमंत्रण द्यायला घरी आली तेव्हा मी विचारलं, बोलायचं कशावर? म्हणाली, "काका, तुमच्या त्या पेनावर बोला." गावभागात अजून त्याला पेनच म्हणतात. खरं नाव व्हेप, ई-सिगारेट. तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात आज ती वस्तू बनवणं, आणणं, विकणं, तिचा साठा करणं, जाहिरात करणं, सगळा गुन्हा आहे. तेव्हा व्याख्यान संपल्यावर बाजूला घेऊन "कुठं मिळतं हो?" असं कुणी विचारू नये. (हशा) मी डॉक्टर नाही. इथं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 31 वर्षं दिवाणजी होतो. त्यातली 26 वर्षं रोज 14 सिगारेटी ओढल्या. पेनाचे दिवस जेमतेम आठ महिन्यांचे. पण त्यातले पहिले तीन आठवडे मला जितके स्पष्ट आठवतात, तितकं माझं लग्नही आठवत नाही.

चौदा हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही. माझा दिवस त्या आकड्यानंच कापलेला होता. उठल्यावर एक, ती का ते पुढं सांगतो. दुकान उघडलं की एक. सौदे सुरू व्हायच्या आधी एक, सुटल्यावर एक. वजनकाट्यावर हमालांचा वाद झाला की एक, मिटला की एक. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब, करून पैसे हातात दिले की बाहेर टपरीवर एक, सोबत कटिंग. घड्याळ बघायची गरज नव्हती. "दोन सिगारेटींचं काम आहे" असं मी खरोखर म्हणायचो, आणि समोरच्याला ते कळायचं.

जानेवारी 2019 मध्ये घरातल्या लग्नासाठी भाचा आला. इंग्लंडात लेस्टरला असतो. त्यानं हातात एक धातूची नळी ठेवली. खाली बॅटरी, वर काचेची टाकी, टाकीत कापूस गुंडाळलेली बारीक तार, तिला कॉइल म्हणतात. ही वस्तू कशी चालते हे मला अर्ध्या मिनिटात कळलं, कारण तिची मोठी बहीण आपल्या प्रत्येकाच्या भिंतीला लटकलेली असते. डासांचं लिक्विड! बाटली, वात, आणि वात तापवणारं मशीन. इथं वातीच्या जागी कापूस, आणि औषधाच्या जागी ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, थोडा वास आणि निकोटीन. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती आपण ओढायची. जळत काहीच नाही.

सगळी गोम या न जळण्यात आहे. सिगारेटचं टोक झुरका घेताना 900 अंशांच्या आसपास पेटतं. त्या जळण्यातून डांबर होतं, कार्बन मोनॉक्साइड होतो, कॅन्सर करणारी सत्तरेक द्रव्यं होतात. मायकल रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं 1976 मध्येच लिहून ठेवलंय की लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबरानं. हे दोन वेगळे करता येतील का, असं पुष्कळांनी बघितलं. आज जे यंत्र दिसतं ते 2003 च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं केलं. तो स्वतः ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेले. भाच्याकडच्या सरकारला हे बरंचसं पटलंय. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं 2015 मध्ये हे सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. त्या आकड्यावरून त्यांच्यातच भांडणं झाली, ते सोडा. कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, एवढं आमच्या भाच्यानंही सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मी काय केलं? टाकी भरली आणि लगेच बटण दाबलं. कापूस भिजायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात, हे सांगितलेलं होतं, पण 26 वर्षं काडी ओढली की पेटते हे माहीत असलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे काय! समईतलं तेल संपल्यावर वात करपते ना, तो वास थेट घशात गेला. डोळ्यांतून पाणी. बायको आतून म्हणाली, "अहो, काय जळतंय?"

दुसऱ्या दिवशी ओढण्यातली चूक. सिगारेटचा झुरका आखूड आणि जोरात असतो. इथं तसा ओढला की द्रवच तोंडात येतो, आणि निकोटीन जिभेला मिरी चावल्यासारखं लागतं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ओढू नका. नुसता सावकाश श्वास घ्या, तीन-चार सेकंद." मला जमेना. तोंडाला कोरड पडायची, कारण ग्लिसरीन पाणी शोषतं. तांब्याभर पाणी शेजारी ठेवून बसायचो. बाटलीवर तंबाखूची चव म्हणून लिहिलेलं, आणि लागायचा जळका गूळ.

टपरीवर तर तमाशाच. पहिल्यांदा खिशातून नळी काढली तेव्हा टपरीवाला म्हणाला, "दिवाणजी, पेन ओढालायसा व्हय?" तिथून ते नाव पडलं. गेली कित्येक वर्षं तो माझ्यासाठी न मागता काडेपेटी पुढं सरकवत आला होता. त्या दिवशीही सरकवली. मग दोघंही तिच्याकडं बघत बसलो.

तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. माझ्या त्या नळीतलं सावकाश यायचं, आणि तेवढ्या वेळात माझी तिघांशी भांडणं व्हायची. एका शेतकऱ्याच्या पट्टीत मी बेरीज चुकलो. 31 वर्षांत चुकलो नव्हतो असं नाही, पण त्यानं दाखवून दिल्यावर त्याच्यावरच ओरडलो. तो बिचारा तासगावकडून भाड्याच्या टेंपोत हळद घेऊन आलेला.

आणि आता ती सकाळची. स्त्रिया बसल्यात, तरी सांगतो, कारण हे कुणीच सांगत नाही. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, ही ओढणाऱ्यांमध्ये उघड गोष्ट आहे. (हशा) हसू नका. निकोटीन आतड्यांना हलवतं, आणि सिगारेट सुटली की पुष्कळांना बद्धकोष्ठ होतो. मला सहा दिवस झाला. कोमट पाणी, इसबगोल, एरंडेल. बाकी तेरा सिगारेटी आठवड्याभरात गळाल्या, पण ही एक पुढं दोन आठवडे राहिली. मी मनाशी म्हणायचो, चौदावरून एकावर आलो, आता काय राहिलं? मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी जमिनीवर आणलं. 2018 चा एक मोठा अभ्यास आहे. दिवसाला 20 ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. म्हणजे हिशेब सरळ भागाकाराचा नाही. दिवाणजीला हे फार लागलं. त्यानंतर पाचव्या दिवशी ती एक गेली.

पण मला ज्याबद्दल बोलायचं होतं ते हे नव्हे. मला वाटत होतं, मला सिगारेटची चव आठवेल, धूर आठवेल. आठवलं थोटूक. सिगारेट संपते हो! सहा-सात मिनिटांत संपते, बोटाला चटका देते, पायाखाली चिरडावी लागते, आणि मग माणूस कामाला लागतो. पेन संपतच नाही. टाकीत द्रव आहे आणि बॅटरीत जीव आहे तोवर ते तयार. पहिल्या आठवड्यात मी ते दुकानात ओढलं, गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं ओढलं, घरी टीव्हीपुढं, रात्री मधेच जाग आली की अंथरुणात. धुराचा वास नाही म्हणून बायकोही काही म्हणेना. पूर्वी मी दिवसातून चौदा वेळा ओढणारा माणूस होतो. आता मी दिवसातून एकदाच ओढत होतो, सकाळी सहा ते रात्री अकरा!

आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी सौद्यांचा हिशेब लावता लावता उचकी लागली. थांबेना. मग कपाळावर गार घाम, मळमळ, हात थरथरायला लागले. मला वाटलं हार्ट अटॅक. पोरांनी पंख्याखाली निजवलं. अतिनिकोटीनची लक्षणं होती ती. तासाभरात उतरलं, कारण निकोटीन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं. इतकी वर्षं जे कधी झालं नाही ते झालं, कारण इतकी वर्षं थोटूक मला थांबवत होतं.

मग मीच थोटूक तयार केलं. नियम असा, की पेन दुकानात काढायचं नाही. पूर्वीसारखंच उठून टपरीपर्यंत चालत जायचं. दहा झुरके मोजायचे, बोटांवर, पट्टीवरची पोती मोजतो तसे. दहावा झाला की बंद करून खिशात, आणि टपरीवाल्याला म्हणायचं, "चला, संपली." काहीही संपलेलं नसायचं. तो हसायचा. पण मी कामाला लागायचो. पुढं भाच्याला सांगून कमी निकोटीनची बाटली मागवली. तिथल्या कायद्यात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम हीच कमाल हद्द आहे. माझी 18 ची होती, तिची 12 केली. पण औषध खरं लागू पडलं ते टपरीपर्यंतच्या चालण्याचं, असं आजही मला वाटतं.

चौथ्या आठवड्यात एक गंमत झाली. पॉलिश झालेल्या राजापुरी हळदीची गोणी फोडली आणि मला वास आला. तुम्ही म्हणाल, हळदीला वास असतोच. मला तो इतकी वर्षं नाकात धूळ म्हणून माहीत होता. त्या दिवशी ओली माती, थोडं आलं, थोडा कापूर असं काहीतरी आलं. मी उगाच दुसरी गोणी फोडली. मालक म्हणाले, "दिवाणजी, नमुना झाला की!"

मग ऑगस्ट. 2019 चा ऑगस्ट इथं कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 फूट. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली छातीभर पाणी, लाइट गेलेली. पेनाचा बारीक दिवा दुसऱ्या दिवशी लाल झाला, चार वेळा लुकलुकला आणि मेला. चार्जर होता, वीज नव्हती. एवढं शहर बुडतंय, माणसं बोटींची वाट बघतायत, आणि मी त्या विझलेल्या दिव्याकडं बघत बसलोय, हे सांगायला लाज वाटते. तिसऱ्या रात्री शेजारच्या गच्चीवरच्या पोरानं कठड्यावरून एक सिगारेट पुढं केली. मी घेतली. सहा महिने जिला हात लावला नव्हता, तिची चव घाणेरडी लागली, खोकला आला, आणि मी ती शेवटपर्यंत ओढली. थोटूक खाली पाण्यात टाकलं. ते फिरत फिरत हरभट रोडच्या दिशेनं गेलं.

पाणी उतरलं, घरातला चिखल काढून होतो न होतो तोच 18 सप्टेंबरला दिल्लीहून अर्थमंत्र्यांनी बंदी जाहीर केली. आधी वटहुकूम, डिसेंबरमध्ये कायदा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारचं म्हणणं, कोवळी पोरं फॅशन म्हणून याच्या नादी लागतील. अमेरिकेत शाळकरी मुलांचं तसं झालं होतं, ते खोटं नाही. टपरीवरच्या सुट्या सिगारेटीला मात्र तेव्हा कुणी हात लावला नाही, हेही खोटं नाही. मला राग आला होता, आजही थोडा येतो. पण कायदा तो कायदा.

पेन गेलं. सिगारेटीकडं परत जाणं सोपं होतं, पावलं तिकडं वळलीही. शेवटी 1800-11-2356 या सरकारी नंबरावर फोन लावला. फुकट आहे, लिहून घ्या. मग दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगगम. ते गमासारखं चघळायचं नसतं. दोन-चार वेळा चावून चुणचुणायला लागलं की गालात दाबून ठेवायचं, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही. टपरीवर उभं राहून चहा नाही! पण ते अर्ध्या तासात बेचव होतं आणि कागदात गुंडाळून टाकता येतं. थोटूक मिळालं परत. 2020 च्या पावसाळ्यात गमही सुटलं.

समोरून चिठ्ठी आली आहे, आता काय करता? सौदे सुटले की अजून यार्डाकडं चक्कर असते, सवयीनं. टपरीवर उभा राहतो, कटिंग घेतो, आणि भडंगाची एक छोटी पुडी. ती संपली की घरी. वजन नऊ किलोनं वाढलंय. त्यावर बोलायला पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.