लायसन्स मिळालं, पण टूल उघडत नाही

(अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आजचा विषय चिप डिझाइनच्या टूल्सचा, म्हणजे ईडीएचा आहे. पण मेकॅनिकलवाल्यांनी लगेच उठून जाऊ नये. लायसन्स सर्व्हरची, म्हणजे टूलला चालण्याची परवानगी देणाऱ्या संगणकाची, दुखणी सगळीकडे एकच असतात.

कॅडेन्स, सिनॉप्सिस, सीमेन्स ईडीए यांची टूल्स बाजारभावाने घेणं विद्यापीठांना झेपत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. म्हणून देशोदेशी मधे एक संस्था उभी राहिली, जी सगळ्या विद्यापीठांच्या वतीने कंपन्यांशी एकदाच बोलणी करते. कॅनडात १९८४ पासून सीएमसी हे काम करते. युरोपात १९९५ पासून युरोप्रॅक्टिस आहे. तिथे संस्था वार्षिक वर्गणी भरून सभासद होते आणि टूल्स फक्त शिक्षण आणि अव्यावसायिक संशोधनासाठी मिळतात. आपल्याकडे १९९८ मध्ये एसएमडीपी हा मनुष्यबळ विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याचे पुढचे टप्पे झाले, आणि आता त्या जागी चिप्स टू स्टार्टअप, म्हणजे सी-टू-एस आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा हा पाच वर्षांचा, सुमारे २५० कोटी रुपयांचा कार्यक्रम. ८५,००० अभियंते तयार करायचे, १७५ एसिक (एका ठरावीक कामासाठीच्या चिप्स) आणि २० सिस्टिम-ऑन-चिप (एकाच चिपवर अख्खी प्रणाली) प्रोटोटाइप करून दाखवायचे, अशी त्याची उद्दिष्टं आहेत. टूल्स पुरवण्याचं काम चिपिन केंद्राकडे आहे. सी-डॅक म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, पण चिपिन सी-डॅकच्या बेंगळुरू केंद्रात आहे. अडीचशेहून जास्त शैक्षणिक संस्थांपर्यंत ही टूल्स पोहोचली आहेत.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. सवलत मिळते ती संस्थेला. प्रा. अमुक यांना नाही, त्यांच्या प्रकल्पालाही नाही. करारावर सही कुलसचिव किंवा प्राचार्यांची असते आणि नियम मोडला तर सगळ्या संस्थेचा प्रवेश धोक्यात येतो. यावरून अर्ज करण्याआधीचं पहिलं काम ठरतं: आपल्या संस्थेत आधीच काय आहे ते शोधा. दुसऱ्या विभागाने तीन वर्षांपूर्वी घेतलेलं कॅम्पस लायसन्स कुणाला माहीतच नाही, हे सर्रास दिसतं. ग्रंथालय, संगणक केंद्र, खरेदी विभाग, तिन्हीकडे विचारा. आणि वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये सॉफ्टवेअर येतं का, असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. येत नाही. ती योजना नियतकालिकांची आहे.

दुसरं काम, लायसन्सचा एक जबाबदार माणूस नेमणं. शक्यतो कायम नोकरीतला. हे काम पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे सोपवलं, तर तो प्रबंध देऊन गेला की सर्व्हरचा रूट पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

वापराची मर्यादा नीट समजून घ्या, कारण इथे लोक प्रामाणिकपणेच घसरतात. अध्यापन, प्रबंध, सरकारी निधीचं प्रकाशित होणारं संशोधन, यात अडचण नाही. कन्सल्टन्सी चालत नाही. प्रायोजित संशोधनाची सीमारेषा धूसर आहे. तिथे स्वतःला दोन प्रश्न विचारा: डिझाइनच्या फाइल्स शेवटी कुणाच्या हातात जाणार, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार का? फाइल्स कंपनीला द्यायच्या असतील तर शैक्षणिक सीट (एका वेळी एकाने टूल वापरण्याचा परवाना) वापरू नका, किंवा आधी लेखी परवानगी घ्या. मेकॅनिकलवाल्यांना हे लवकर कळतं, कारण सॉलिडवर्क्सच्या शैक्षणिक आवृत्तीतून काढलेल्या ड्रॉइंगवर तसा वॉटरमार्कच उमटतो. ईडीएमध्ये असं काही दिसत नाही, म्हणून धोका जास्त. संस्थेच्या इन्क्युबेटरमधली स्टार्टअप, तिचे संस्थापक तुमचेच विद्यार्थी असले तरी, शैक्षणिक लायसन्सवर काम करू शकत नाही. तिच्यासाठी डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह, म्हणजे डीएलआय योजनेतून वेगळा अर्ज करायचा. त्या योजनेतही टूल्सचा पुरवठा चिपिनमार्फतच होतो. आणखी एक कलम बहुतेक जण वाचत नाहीत: दोन कंपन्यांच्या टूल्सची तुलना परवानगीशिवाय छापायला अनेक करारांत बंदी असते. पेपर लिहून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

योजनेबाहेर, थेट विक्रेत्याकडून शैक्षणिक दराने घ्यायचं असेल, तर वेळ खातो तो कागदपत्रांचा प्रवास. केंद्रीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ते उपलब्ध आहे का हे आधी पाहावं लागतं. एकाच कंपनीचं टूल लागणार असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १६६ खाली एकल निविदा आणि प्रोप्रायटरी आर्टिकल प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात ‘हेच टूल का’ याचं उत्तर तांत्रिक हवं. ‘विद्यार्थ्यांना याची सवय आहे’ हे कारण लेखापरीक्षणात टिकत नाही. ‘फाउंड्रीची पीडीके फक्त या टूलसाठीच आहे’ हे टिकतं. (फाउंड्री म्हणजे चिप बनवणारा कारखाना, आणि पीडीके म्हणजे त्याच्या प्रक्रियेसाठी डिझाइन करायला लागणाऱ्या फाइल्सचा संच.) जीएसटी १८ टक्के धरा. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला, तरी जुन्या कोटेशनवरून बजेट बांधणारे अजून भेटतात. प्रकल्पप्रस्तावात सॉफ्टवेअर उपकरणांत धरायचं की आवर्ती खर्चात, हे निधी देणाऱ्या संस्थेला आधीच विचारून घ्या. वर्षाचं लायसन्स उपकरणांत दाखवलं तर पहिल्या वर्षी मिळतं आणि दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाला पैसा उरत नाही.

आता जिथे खरी रखडपट्टी होते तिकडे येऊ.

यातली बहुतेक टूल्स फ्लेक्सएलएम या लायसन्स प्रणालीवर चालतात. लायसन्सची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. तिच्या पहिल्या ओळीत सर्व्हरचं नाव, होस्ट आयडी आणि पोर्ट. दुसऱ्या ओळीत व्हेंडर डीमनचं, म्हणजे सर्व्हरवर सतत चालून सीट वाटणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचं, नाव. आणि खाली प्रत्येक टूलची एक ओळ, जिच्यात किती सीट, कुठल्या तारखेपर्यंत, आणि डिजिटल सही. सहसा होस्ट आयडी, म्हणजे सर्व्हरची ओळख, हा नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट तुम्ही हाताने बदलू शकता. होस्ट आयडी बदलला की सही जुळत नाही आणि फाइल निकामी होते.

त्यामुळे होस्ट आयडी पाठवण्याआधी विचार करा. डेस्कटॉपचा दिला आणि सहा महिन्यांनी मदरबोर्ड जळला, तर नव्या फाइलसाठी पुन्हा अर्ज. व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा, दिला आणि संगणक केंद्राने ती मशीन क्लोन करून दुसरीकडे उभी केली, तर मॅक बदलतो आणि ‘इनव्हॅलिड होस्ट’, म्हणजे उणे ९ क्रमांकाची त्रुटी येते. व्हर्च्युअल मशीन चालत असेल तर तिचा मॅक हायपरव्हायझरमध्ये (अशा मशीन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कायमचा बांधून घ्या. यूएसबीला लावलेल्या नेटवर्क अडॅप्टरचा मॅक कधीही देऊ नका.

नव्या लिनक्सवर पहिल्याच दिवशी एक गंमत होते. लायसन्स मॅनेजर सुरू करायला जावं तर शेल म्हणतं, ‘अशी फाइल नाही’. फाइल तर समोर दिसत असते, परवानग्याही ठीक असतात. त्या प्रोग्रामला एलएसबी या लिनक्स मानकाचा लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल) लागतो, तो नसतो, आणि शेल त्या लोडरबद्दल तक्रार करत असतं. रेड हॅट घराण्यातल्या जुन्या आवृत्त्यांवर एलएसबीचं पॅकेज टाकलं की काम होतं. त्यानंतरची पायरी: लॉगमध्ये ‘/यूएसआर/टीएमपी’ खाली लपलेली फ्लेक्सएलएमची डिरेक्टरी बनवता येत नाही, अशी ओळ येते. ती हाताने बनवून द्या. आणि सेंटओएस ७ या लिनक्सचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला आहे, म्हणून नवा सर्व्हर अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर उभा करा, आधी टूलच्या कागदपत्रांत कुठली आवृत्ती चालते ते बघून. उबंटूवर हट्टाने बसवायला जाऊ नका, आठवडा जातो.

फायरवॉलचं दुखणं सगळ्यात जुनं. सर्व्हरवर दोन प्रक्रिया चालतात: लायसन्स मॅनेजर आणि व्हेंडर डीमन. मॅनेजरचं पोर्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, कॅडेन्सला बहुधा ५२८०. संगणक केंद्र तेवढंच पोर्ट उघडतं. पण क्लायंट मॅनेजरला भेटला की मॅनेजर त्याला डीमनकडे पाठवतो, आणि डीमनने पोर्ट स्वतःच्या मनाने निवडलेलं असतं. दर रीस्टार्टला वेगळं. परिणाम असा की सर्व्हरवर बसून तपासलं तर सगळं उत्तम आणि प्रयोगशाळेतून टूल उघडत नाही. उपाय एका ओळीचा आहे: व्हेंडरच्या ओळीत शेवटी पोर्ट ठरवून द्या, समजा ५२८१, आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडायला सांगा.

त्रुटींचे क्रमांक पाठ करायची गरज नाही, पण चार ओळखीचे असू द्यात. उणे १५, सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही, नेटवर्क पाहा. उणे ९७, मॅनेजर जिवंत आहे पण डीमन मेला. उणे ५, तुम्ही मागितलेलं फीचर फाइलमध्येच नाही. उणे ४, सगळ्या सीट भरल्या. मेलमध्ये ‘टूल चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं तर मदत करणाराही आधी हा क्रमांकच विचारतो. सर्व्हरचं घड्याळ मागे फिरवण्याचा उद्योग कुणी करू नये. प्रणाली ते ओळखते आणि उणे ८८ देऊन सगळं बंद करते.

लायसन्स दूरच्या केंद्रीय सर्व्हरवरून येत असेल तर हा व्याप कमी होतो, पण बदल्यात संस्थेचा स्थिर सार्वजनिक आयपी आणि बाहेर जाणाऱ्या पोर्टांची परवानगी लागते. इंटरनेट सेवा बदलली की आयपी बदलतो, आणि ते केंद्राला कळवायचं राहून जातं.

आता उणे ४ बद्दल थोडं जास्त. दहा सीट आहेत, प्रयोगशाळेत सहाच जण बसलेत, तरी सातव्याला नकार. सीट गेल्या कुठे? मुलं व्हीएनसीवरून, म्हणजे सर्व्हरचा पडदा लॅपटॉपवर उघडून, काम करतात. लॅपटॉप मिटला म्हणजे फक्त खिडकी मिटली. सर्व्हरवरचं सत्र चालूच राहतं आणि त्यातलं टूल सीट धरून बसतं, कधीकधी आठवडाभर. एलएमस्टॅट ही आज्ञा ‘-ए’ लावून चालवली की कोणत्या युजरने, कुठल्या मशीनवर, कधीपासून सीट घेतली आहे हे एका पानात दिसतं. एलएमरिमूव्हने सीट सोडवता येते, पण मूळ प्रोग्राम जिवंत असेल तर तो ती पुन्हा घेतो, म्हणून आधी तो मारा. कायमच्या इलाजासाठी ऑप्शन्स फाइल आहे. तिच्यात टाइमआउट लावला की निष्क्रिय सीट परत येते, मात्र टूलची तशी सोय असावी लागते. मॅक्सने एका गटाला वरची मर्यादा घालता येते. रिझर्व्ह जपून वापरा: राखीव सीट रिकामी असली तरी दुसऱ्याला मिळत नाही, आणि ‘सरांसाठी दोन राखीव’ असं केलं की प्रयोगशाळेची दोन सीट कायमची कमी झाली म्हणून समजा.

टूल मिळालं म्हणजे चिप करता येईल असंही नाही. फाउंड्रीची पीडीके वेगळी, तिचा गोपनीयता करार वेगळा. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप करायची तरी तिची पीडीके करार करूनच मिळते. प्रत्येक वापरणाऱ्याचं नाव नोंदवावं लागतं, आणि पीडीकेच्या फाइल्स गिटहबवर गेल्या तर ते प्रकरण साध्या माफीपत्रावर मिटत नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात डिझाइन नियमांचे आकडे छापणं हाही त्याच कराराचा भंग ठरू शकतो.

म्हणून माझं मत असं, की पदवीच्या सगळ्या प्रयोगांना सवलतीच्या सीट वापरू नयेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे मोफत सर्किट सॉफ्टवेअर आहे, तसंच एनजीस्पाइस आहे, २०२० मध्ये खुली झालेली स्कायवॉटरची १३० नॅनोमीटर पीडीके आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं सर्किट शिकवायला हे पुरेसं आहे, आणि साठ मुलं एकाच वेळी बसली तरी कुणी कुणाला अडवत नाही. सवलतीच्या सीट टेपआउटवाल्यांसाठी, म्हणजे डिझाइन चिप बनवायला पाठवणाऱ्यांसाठी, मोकळ्या राहतात.

नूतनीकरणाची तयारी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सुरू करा. किती विद्यार्थी, कोणते अभ्यासक्रम, किती पेपर, किती डिझाइन, हे विचारलं जातंच. डीमनचा लॉग जपून ठेवला असेल तर वापराचे आकडे त्यातून निघतात. रीस्टार्टला तो पुसला जातो, म्हणून लॉगच्या नावाआधी ‘अपेंड’चं चिन्ह (+) लावून ठेवा. नवी फाइल आली की फक्त तारखा आणि सीट बदलल्या असतील तर एलएमरीरीड ही फाइल पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा पुरते. पण सर्व्हरची ओळ किंवा पोर्ट बदललं असेल तर मॅनेजर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि रात्रभर चाललेलं कुणाचं तरी सिम्युलेशन तेव्हा मरू शकतं. तर दोन दिवस आधी सगळ्यांना मेल पाठवा, एलएमस्टॅटमध्ये कुणी उरलं नाही ना ते बघा, आणि मग रविवारी सकाळी बदला.