माळ मोकळा, आभाळात तारा

(दृश्य: जैसलमेरचा माळ. गवतात एक उंच मान हलते.)

वाघ वाचवायचा तर काय करायचं, हे भारताला 1973 पासून ठाऊक आहे. जंगल राखायचं, हरणं-सांबरं राखायची, शिकाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही. व्याघ्र प्रकल्प याच बळावर उभा राहिला. माळढोकाच्या बाबतीत मात्र ही रीत चालत नाही. त्याला जंगल नकोच असतं.

उभा राहिला की हा पक्षी मीटरभर उंच भरतो. भरात आलेला नर बारा-तेरा किलोंच्या घरात जातो. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. तपकिरी पाठ, पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी. दिवसभर चालत टोळ, भुंगेरे, सरडे, बोरं, पडलेलं धान्य टिपत राहतो. चारही बाजूंनी माळ दिसला, की त्याला सुरक्षित वाटतं. आडोसा झाला की बिथरतो.

विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो, ती पार गुडघ्यांखाली लोंबते, आणि घुमतो. हा घुमारा माळावर अर्धा किलोमीटर जातो. अंडं उबवणं आणि पिल्लू वाढवणं मात्र मादीचं एकटीचं काम. घरटं म्हणजे उघड्या जमिनीतला जेमतेम खळगा. त्यात बहुधा एकच अंडं, वर्षाला तेवढंच. खोकड, घोरपड, कावळा आणि गावाकडून आलेली मोकाट कुत्री, सगळ्यांचा त्यावर डोळा.

(दृश्य: सोलापूर जिल्हा. द्राक्षबाग, पलीकडे गवताळ माळ, काळविटांचा कळप.)

हे नान्नज. द्राक्षवाल्यांना हे गाव सोनाका वाणामुळे माहीत आहे आणि पक्षिनिरीक्षकांना माळढोकामुळे. 1979 मध्ये इथे माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटर! ऐकायला भव्य वाटतं. प्रत्यक्षात त्या हद्दीत तालुकेच्या तालुके आले. गावं, शेतं, रस्ते, सगळं. खरा माळ त्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. स्वतःच्याच जमिनीचा व्यवहार करताना शेतकऱ्याला अडचणी येऊ लागल्या आणि त्याचा राग निघाला तो पक्ष्यावर. पुढे कितीतरी वर्षांनी हद्द सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आली. तोवर लोकांचं मन जे विटायचं ते विटलं होतं. कागदावर मोठं अभयारण्य काढणं आणि जमिनीवर माळ राखणं यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

मधल्या काळात माळही बदलला. पाणी पोचलं तिथे ऊस आणि बागा आल्या. पाणी पोचलं नाही तिथे पडीक जमीन हिरवी करायची म्हणून झाडं लावली गेली. हेतू चांगला, पण दूरवर नजर टाकून जगणाऱ्या पक्ष्यासमोर आपण आडोसा उभा केला. महसूल दफ्तरी माळ नेहमी रिकामाच धरला गेला, आणि रिकाम्या जागेवर काहीतरी करावं असं प्रत्येकालाच वाटतं. आज नान्नजला काळवीट भेटतात, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

मध्य प्रदेशातल्या करेरात तर माळढोक नव्वदच्या दशकातच संपला. अभयारण्याची पाटी त्यानंतरही टिकली.

(दृश्य: पुन्हा जैसलमेरकडे, थरचं वाळवंट. पवनचक्क्या, सौर पट्ट्या, एकामागून एक मनोरे.)

आता हा पक्षी मुख्यतः उरला आहे राजस्थानात. तिथे त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. देशभरातली संख्या दीडशेच्या आसपास धरली जाते. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीसारख्या ठिकाणी कुंपण घालून राखलेल्या गवतात वीण होते. पोखरणच्या लष्करी सरावक्षेत्रातही पक्षी टिकले आहेत. तोफा चालतात, पण नांगर चालत नाही.

पण कुंपण जमिनीवर असतं, पक्षी उडतो. आणि उडाला की वाटेत विजेच्या तारा येतात.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आजूबाजूचं त्याला छान दिसतं, नाकासमोरचं फार अरुंद. त्यात अंग इतकं जड, की तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या थरमध्ये वर्षाला सुमारे 18 माळढोक तारांना धडकून मरतात. मादीमागे वर्षाला एक अंडं. पुढचा हिशेब सांगायला नको.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला आणि उरलेल्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या टांगायला सांगितलं. सरकारचं म्हणणं पडलं, की एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात उच्च दाबाच्या वाहिन्या पुरणं व्यवहार्य नाही आणि सौरऊर्जा तर देशाला हवीच आहे. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने सरसकट निर्देश मागे घेऊन विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. दोन्ही बाजू पर्यावरणाचंच नाव घेत होत्या, हा या खटल्याचा विचित्रपणा. खरं सांगायचं तर चकत्या हा स्वस्तातला उपाय आहे. पक्ष्याला समोरचं दिसतच नसेल, तर चकतीने किती फरक पडणार?

गिधाडांचं नशीब या बाबतीत बरं म्हणायचं. त्यांचा काळ ठरलेलं औषध, जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक, सापडलं. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली, आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही हाताशी होता. माळढोकाच्या मारेकऱ्याला असा एकच चेहरा नाही.

(दृश्य: प्रजनन केंद्र. उबवणी यंत्रात एक अंडं.)

म्हणून दुसरी आघाडी उघडली ती अंड्यांची. 2018 मध्ये केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात करार झाला. 2019 पासून रानातली निवडक अंडी उचलून जैसलमेरजवळच्या सम इथल्या केंद्रात उबवली जाऊ लागली. पहिलं अंडं लवकर उचललं, तर मादी पुष्कळदा दुसरं घालते. त्यामुळे रानाचं नुकसान कमी होतं. माळढोकाच्या कुळातल्या हुबारा पक्ष्यावर अबुधाबीत झालेल्या कामाचा अनुभव इथे उपयोगी पडला. पुढे रामदेवरा इथेही केंद्र झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये रामदेवराच्या नराचं वीर्य समला नेऊन कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं. 2025 पर्यंत या केंद्रांतले पक्षी साठच्या आसपास गेले.

कच्छची गोष्ट तर ऐकवत नाही. नलियाच्या गवताळ पट्ट्यात मूठभर माद्या उरल्या, नर उरला नाही. मादी अंडं घालते, ते फलित नसतं.

केंद्रातली पहिली पिढी माणसाच्या हातावर वाढली आहे. माणूस दिसला की ती दाणा मागायला पुढे येते. असा पक्षी माळावर सोडणं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणं. म्हणून पुढची पिढी माणूस जवळजवळ दिसणारच नाही अशा बेताने वाढवावी लागते. टोळ पकडणं आणि खोकड दिसताच दबून बसणं तिला अंगवळणी पडावं लागतं. ते जमलं, तर सोडण्याची जागा निवडताना आधी विजेच्या मनोऱ्यांचा नकाशा पसरावा लागेल आणि मग गवताचा.